छोट्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह: ठाण्यातले माझे अडीच महिने

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या जुलैत झाली आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला पाचपाखाडीहून नौपाड्यात फिजिओथेरपीला न्यावे लागते. अंतर दोन किलोमीटरही नसेल. पण रिक्षात चढताना एक हात दांडीला, दुसरा माझ्या खांद्यावर आणि नीट न वाकणारा पाय मागाहून ओढून घ्यायचा, हे करताना तिचा श्वास अडकत असे. शिवाय इतक्या जवळच्या भाड्याला पहिले दोन-तीन रिक्षावाले नाहीच म्हणत आणि तोवर तिला रस्त्याच्या कडेला वॉकर धरून उभे राहावे लागे. माझे कार्यालय घोडबंदर रस्त्यावर वाघबीळजवळ आहे. तिथे मी इतकी वर्षे बस आणि शेअर रिक्षा यांवर भागवले. भाऊबीजेला भाऊ पुण्याहून आला, त्याच्यासमोर विषय निघाला आणि छोटी गाडी घ्यायची असे ठरले. आमच्या घरात यापूर्वी कधी गाडी नव्हती आणि २००५ साली काढलेल्या लायसन्सवर मी फारशी गाडी चालवलेली नव्हती. गाडी चालवून पाहण्याचा आणि निवडण्याचा हा अनुभव क्रमाने लिहीत आहे, कारण त्या दिवसांत मला नेमकी हीच माहिती कुणाकडून तरी हवी होती.

पहिले काम मी शोरूममध्ये जाण्याआधी आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, केले. आमची इमारत जुनी असून वाट्याला आलेली जागा दोन खांबांच्या मधली आहे. शिंप्याकडची टेप घेऊन मोजले तेव्हा दोन खांबांमध्ये २३५ सेंटिमीटर भरले. मग चार गाड्यांची मापे त्या आकड्याशेजारी लिहिली. वॅगनआर १६२० मिलिमीटर रुंद, टियागो १६७७, ग्रँड आय१० निऑस १६८० आणि स्विफ्ट १७३५. वॅगनआर आणि स्विफ्ट यांच्यात साडेअकरा सेंटिमीटरांचा फरक आहे. कागदावर तो काहीच वाटत नाही, परंतु खांब आणि अर्धवट उघडलेले दार यांच्यामधून ज्या माणसाला पाय सरळ ठेवून बाहेर पडायचे आहे त्याच्यासाठी तो पुष्कळ आहे. कंपन्या देतात ती रुंदी बाजूचे आरसे वगळून असते, हेही लक्षात ठेवावे. डिकीची मापेही अशीच पाहिली. वॅगनआरची ३४१ लिटर, स्विफ्टची २६५, निऑसची २६० आणि टियागोची २४२. वॉकर घडी केल्यावर सपाट होतो, पण त्याची लांबी कमी होत नाही, त्यामुळे लिटरच्या आकड्यावर विसंबायचे नाही, वॉकर प्रत्यक्ष ठेवूनच पाहायचा, असे मी तेव्हाच ठरवले.

शनिवारी, ८ नोव्हेंबरला, मी वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका शोरूममध्ये गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला होता (पूर्वी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता), त्यामुळे दिवाळी उलटूनही तिथे बसायला जागा नव्हती. चाळीस मिनिटांनी माझा क्रमांक लागला. सेल्समनने फॉर्म भरायला दिला, लायसन्स मागितले, उलटून पाहिले आणि अतिशय सभ्यपणे सांगितले, "मॅडम, याची मुदत १४ ऑक्टोबरला संपली आहे. यावर मी तुम्हाला गाडी देऊ शकत नाही." जुन्या नियमाप्रमाणे खासगी वाहनाचे लायसन्स वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. माझी वीस वर्षे पंचवीस दिवसांपूर्वी भरली होती. त्याचे म्हणणे योग्यच होते. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. तरी तेथून बाहेर पडताना माझे डोळे भरून आले, हे खरे आहे.

नूतनीकरण वाटले होते त्याहून सोपे निघाले. सोमवारी, १० नोव्हेंबरला, परिवहन विभागाच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज भरला. चाळिशी उलटलेल्यांना नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागते. ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनशे रुपयांत दिले. शासकीय शुल्क पाचशेच्या आत होते. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा वाहन चालवून दाखवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. एक कागद पुसट स्कॅन झाला म्हणून अर्ज एकदा परत आला. त्यात तीन दिवस गेले, तेव्हा कागद मोबाइलवर घाईने टिपण्याऐवजी दिवसाउजेडी नीट स्कॅन करावेत. १९ नोव्हेंबरला मंजुरी आली आणि डिजिलॉकरमध्ये नवे लायसन्स दिसू लागले. ते शोरूमला चालते. प्रत्यक्ष कार्ड टपालाने १ डिसेंबरला हाती पडले. नव्या तरतुदींनुसार ते दहा वर्षांसाठी मिळाले आहे.

मधल्या दहा दिवसांत, २० ते २९ नोव्हेंबर, रोज सकाळी साडेसहाला मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर सराव केला. त्याचे साडेतीन हजार रुपये झाले आणि या सगळ्या व्यवहारात ते सर्वांत सार्थकी लागले. शिकवणाऱ्या सरांना मी पहिल्याच दिवशी सांगितले की मला गाडी सुरू कशी करायची हे येते, मला उलटी लावायची, चढावर थांबवायची आणि ट्रकच्या शेजारून न घाबरता न्यायची आहे. अनेक वर्षे गाडी न चालवलेल्या माणसाने असा सराव न करता टेस्ट ड्राइव्हला जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण सगळे लक्ष क्लचवर राहते आणि गाडी काय सांगते आहे ते ऐकूच येत नाही.

पहिली टेस्ट ड्राइव्ह रविवारी, ३० नोव्हेंबरला झाली. शोरूमचा ठरलेला फेरा होता: सर्व्हिस रोडने सरळ, दोनदा डावीकडे वळायचे आणि परत. रस्ता रिकामा, गाणी सुरू, सेल्समन शेजारी बसून मायलेज आणि टचस्क्रीनविषयी सांगत होता. अकरा मिनिटांत मी परत आले. गाडी आवडली होती, पण का आवडली ते मला सांगता येत नव्हते. घरी जाताना आठवले की उजवीकडे मी एकदाही वळले नाही, यू-टर्न घेतला नाही, उलटी गाडी घेतली नाही आणि चाळीसच्या पुढे वेग गेला नाही.

आवडण्याचे एक कारण मात्र दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक वाचताना सापडले. माझी उंची पाच फूट. त्या गाडीत बसल्याबरोबर सेल्समनने सीटच्या बाजूचा खटका चार-पाच वेळा वर ओढून सीट उंच करून दिली होती आणि मला बॉनेटचे टोक स्वच्छ दिसू लागले होते. वीस वर्षांपूर्वी उशी घेऊन शिकलेल्या मला तो फार मोठा दिलासा होता. पण चालवायला दिलेली गाडी सर्वांत वरच्या मॉडेलची होती आणि मी ज्या मॉडेलचा विचार करत होते त्यात सीट वर-खाली करण्याची सोयच नव्हती. म्हणजे जी गाडी मी घेणार होते ती मी चालवलेलीच नव्हती. यानंतर प्रत्येक ठिकाणी फोनवरच विचारू लागले की टेस्ट ड्राइव्हची गाडी कोणत्या मॉडेलची आहे आणि मला हव्या त्या मॉडेलची नसेल तर निदान उभी असलेली तशी गाडी बसून पाहायला मिळेल का. दोन ठिकाणी मिळाली. दहा मिनिटे नुसते बसून, सीट पुढे-मागे करून, तिन्ही आरशांत पाहून जे कळते ते धावत्या गाडीत कळत नाही.

दुसरी गाडी मी घरीच मागवली. बहुतेक कंपन्या संकेतस्थळावरून नोंद केली की गाडी दाराशी आणतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. ७ डिसेंबरच्या रविवारी सकाळी अकराला गाडी आली. या वेळी मी आधीच विनंती केली होती की गाणी बंद ठेवावीत आणि मी विचारल्याशिवाय काही सांगू नये. त्या तरुण मुलाने ती मनापासून पाळली. रस्त्यावर नेण्याआधी गाडी आमच्या फाटकातून आत घेतली. फाटकापासून जागेपर्यंत एक काटकोनी वळण आहे आणि त्याच कोपऱ्यात दुचाकी उभ्या असतात. आमचे वॉचमन काका पुढे उभे राहून "ताई, अजून घ्या, अजून येऊ द्या" म्हणत होते. तरी एका दमात ते वळण निघाले नाही. तीनदा पुढे-मागे करावे लागले. खांबांच्या मधे लावल्यावर माझे दार उघडले, पण डावीकडचे दार पहिल्या टप्प्यावरच खांबाला अडून थांबले. आई त्यातून उतरू शकली नसती. शोरूममधल्या मोकळ्या जागेत ही गोष्ट कधीही लक्षात आली नसती. गाडीत काही उणे नव्हते, आमच्या जागेत ती बसत नव्हती एवढेच. मी त्या मुलाला तसे सांगितले आणि त्याचा आणखी वेळ घेतला नाही.

आता मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न उरला होता. छोट्या गाड्यांत परवडणारे ऑटोमॅटिक म्हणजे बहुधा एएमटी. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे यंत्रणा करते. मॅन्युअलपेक्षा किंमत पन्नास हजारांच्या आसपास जास्त पडते. हे पैसे द्यावेत की नाही हे रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर ठरणारे नव्हते. म्हणून १० डिसेंबरला, बुधवारी, अर्धी रजा घेतली आणि संध्याकाळी सहाची वेळ मागितली. शोरूमने आढेवेढे घेतले, त्या वेळी रस्त्याला गर्दी असते असे सांगितले. मला तीच गर्दी हवी होती, असे मी म्हटले तेव्हा त्यांनी कबूल केले. आधी मॅन्युअल आणि मग एएमटी, दोन्ही वॅगनआर, नितीन कंपनी नाक्यापासून माजिवडा, कापूरबावडीवरून मानपाड्यापर्यंत आणि परत.

ज्यांनी हा रस्ता संध्याकाळी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मधोमध मेट्रोचे खांब, कडेने ट्रक आणि कंटेनर, आणि त्यांच्या फटीतून दुचाकी. मॅन्युअल गाडीत जाताना मी क्लच किती वेळा दाबला ते मोजायला लागले आणि साठनंतर मोजणे सोडले. त्या वेळी आम्ही मानपाड्यालाही पोचलो नव्हतो. डाव्या पायाची पोटरी दुखू लागली होती. परत येऊन एएमटी घेतली. उड्डाणपुलाच्या चढावर रांग थांबली. मागे सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक इतका जवळ होता की आरशात त्याचा नुसता बंपर दिसत होता. मॅन्युअलवर इथे हँडब्रेक ओढून, हाफ क्लच धरून निघावे लागले असते. ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी क्षणभर जागेवरच धरलेली राहिली. चढावर मागे न घसरू देणारी सोय साधारण दोन सेकंद काम करते, तेवढ्यात ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी पुढे गेली. मागे बोटभरही सरकली नाही. मी मोठ्याने "आई गं" म्हणाले असे सेल्समनने नंतर सांगितले.

एएमटीचा एक स्वभाव मात्र सांगायला हवा. पहिल्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना ती थोडी थांबते आणि मान किंचित पुढे जाते. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा हलका केला तर धक्का जवळजवळ जाणवत नाही. हे मला तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जमले. पुढच्या वाहनाला झटकन मागे टाकायचे असेल तर ही यंत्रणा विचार करायला वेळ घेते, म्हणून ज्यांना रोज महामार्गावर जायचे आहे त्यांनी हे तपासून पाहावे. या गाडीत पार्किंगसाठी 'पी' नसतो. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो. माझ्या शहरातल्या वापराला एएमटी हेच उत्तर होते आणि त्यानंतर माझ्या मनात किंतु राहिला नाही.

शनिवारी, १३ डिसेंबरला, आईला घेऊन गेले. फिजिओथेरपिस्टने तिला शिकवले होते की गाडीकडे पाठ करायची, मागे सरकत सीटची कड पोटऱ्यांना लागली की हाताने आधार घेऊन आधी बसायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. यासाठी सीट फार खाली नको, नाहीतर गुडघा जास्त वाकतो. फार वर नको, नाहीतर कमरेला झेप घ्यावी लागते. आईने तीन गाड्यांमध्ये तीनदा बसून-उठून पाहिले. एकीत बसणे जमले, पण उठताना तिला दोन्ही हातांनी मला धरावे लागले. वॅगनआर उंच बांध्याची आहे, तिच्या पुढच्या सीटवर ती बसली, वरच्या मुठीला हात घातला, पाय आत घेतले आणि समोर पाहत म्हणाली, "अगं, हे तर खुर्चीवर बसल्यासारखं आहे. पुन्हा एकदा उतरून बघू?" ती स्वतःहून दुसऱ्यांदा उतरली आणि बसली. जुलैनंतर कोणतीही हालचाल पुन्हा करून बघू असे ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

वॉकर आम्ही सोबत नेला होता. पेट्रोल गाडीच्या डिकीत तो आडवा मावला आणि वर भाजीच्या दोन पिशव्यांची जागा उरली. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरने डिकी व्यापली होती आणि वॉकर मागच्या सीटवर ठेवावा लागला असता. सीएनजीला नव्वद हजारांच्या आसपास जास्त द्यायचे आणि माझा वापर महिन्याला पाचशे किलोमीटर, तेव्हा ते पैसे वसूल व्हायला कित्येक वर्षे गेली असती. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी आणि पंपावरच्या रांगा. ज्यांचे रोजचे अंतर जास्त आहे त्यांचे गणित वेगळे येईल.

नंतरचा भाग कागदांचा. एका शोरूमने एकूण किमतीचा एकच आकडा लिहून दिला होता. मी तपशील मागितला तेव्हा त्यात विमा ३८ हजार आणि 'हँडलिंग'चे आठ हजार निघाले. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा मात्र अनिवार्य आहे. झीरो डेप्रिसिएशनसह (म्हणजे सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई मिळण्याच्या सोयीसह) तोच विमा मला बाहेर २९ हजारांत मिळत होता, आणि तो कागद दाखवल्यावर जिथे गाडी घेतली त्या शोरूमने ३१ हजारांत दिला. दोन हजारांसाठी वाद न घालता मी तो घेतला, कारण दाव्याच्या वेळी एकाच ठिकाणी जाणे मला सोपे वाटले. 'हँडलिंग' द्यायला मी स्पष्ट नकार दिला आणि ते निघाले. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के वाहन कर पडतो, तो आकडा स्वतः गुणून पाहावा. मुंबईच्या वेशीवरचे हलक्या वाहनांचे टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाले असले, तरी नव्या गाडीला फास्टॅग लागतोच.

१८ डिसेंबरला, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, अकरा हजार भरून गाडी बुक केली आणि बुकिंग रद्द केल्यास रक्कम परत मिळेल हे पावतीवर लिहून घेतले. वर्षअखेरीची सवलत घेऊन डिसेंबरमध्येच गाडी न्यावी असा त्यांचा आग्रह होता. पण पुढे पौष लागत होता आणि आईला पौषात गाडी घरी आणायची नव्हती. मलाही जानेवारीतली नोंदणी सोयीची होती, कारण पुढे विकताना नोंदणीचे वर्ष पाहिले जाते. सवलत थोडी कमी झाली. १७ जानेवारीला, नोंदणीसाठी कागद जाण्यापूर्वी, भाऊ आणि मी यार्डात जाऊन गाडी तपासली. चासी क्रमांक पावतीशी ताडला, किलोमीटरचा आकडा पाहिला आणि टायरवरचे चार अंक वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. डावीकडच्या मागच्या दारावर एक बारीक ओरखडा होता. तो मोबाइलच्या उजेडात दिसला, उन्हात दिसत नव्हता. त्यांनी तो तिथेच लिहून घेतला आणि दोन दिवसांत पॉलिश करून दाखवला.

२२ जानेवारीला, माघी गणेश जयंतीला, एमएच-०४ क्रमांकाची गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, फिजिओथेरपीचा दिवस. आई गाडीकडे पाठ करून बसली, पाय आत घेतले, मी वॉकर डिकीत आडवा ठेवला. नौपाड्यात दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा नसते, म्हणून तिला दारात उतरवून मी गाडी पुढच्या गल्लीतल्या पे-अँड-पार्कमध्ये ठेवली. परत आल्यावर फाटकातून आत घेतली, कोपऱ्यातले वळण एका दमात निघाले, आणि वॉचमन काकांनी हात वर करून थांबा म्हणण्याआधीच गाडी दोन खांबांच्या मधे उभी होती. आईने तिच्या बाजूचे दार उघडले. ते खांबाला लागले नाही.